बांधलेली होडी आणि रात्रींचा चोर

(नभोवाणीवरील भाषण)



घराला कुलूप लावून निघालेला गृहस्थ जिना उतरल्यावर पुन्हां वर जातो आणि कुलूप ओढून पाहतो. परंतु तोच गृहस्थ खाडींत फिरण्यासाठीं हौसेनें घेतलेली आपली होडी संध्याकाळीं धक्क्यावरच्या खुंट्यास दोराचे दोन वेढे देऊन बांधतो आणि निश्चिंतपणें घरीं येऊन जेवतो. मीहि असेंच करीत असें. आजचा विषय मीं पुस्तकांतून घेतलेला नाहीं. तो मला चोरानें दिला आहे.

शाळेंतून निवृत्त झाल्यावर मीं चौदा फुटांची एक फायबरची होडी आणि तिच्या पाठीमागें अडकवावयाचें पांच अश्वशक्तीचें आउटबोर्ड यंत्र घेतलें. आमचें घर वाशिष्ठीच्या खाडीला लागून आहे. तीन वर्षें कांहीं झालें नाहीं. कार्तिकांतल्या अवसेच्या दुसऱ्या दिवशीं पहांटे जाऊन पाहतों, तों खुंट्याला हातभर दोर लोंबत आहे आणि त्याचें टोंक केळीचें पान कापावें तसें स्वच्छ कापलेलें! चवथ्या दिवशीं होडी सांपडली. मुखाच्या बाजूला, कांदळवनाच्या चिखलांत रुतलेली. यंत्र, तेलाची टांकी, वल्हीं, सर्व गेलेलें. तक्रार लिहून घेणाऱ्या हवालदारांनीं एकच प्रश्न विचारला, “गुरुजी, यंत्राचा नंबर काय?” मला तो ठाऊक नव्हता. पस्तीस वर्षें मुलांना ‘वहीवर नांव घाला’ म्हणून बजावणारा मी. माझ्या घरांतल्या सर्वांत महाग वस्तूवर माझें नांवहि नव्हतें आणि तिचा आंकडाहि माझ्या वहींत नव्हता.

चोरी अवसेलाच कां झाली, हें मला आमच्या शेजारच्या तरीवरील एका वृद्ध तांडेलानें समजावून दिलें. तो म्हणाला, “गुरुजी, चोर वल्हवील कशाला? त्याला ओहोटीच नेते.” भरतीची वेळ काढण्याची एक सोपी रीत कोंकणांत पूर्वापार चालत आली आहे. तिथीच्या आंकड्याची पाऊणपट करावी, म्हणजे भरती पूर्ण होण्याचा तास स्थूलमानानें निघतो. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, आणि अवस-पुनवेला अकरा-बारा. भरती दिवसांतून दोनदां येते, म्हणून अवसेच्या दिवशीं ती दुपारीं एकदां आणि मध्यरात्रीं एकदां भरते. आतां चोराच्या दृष्टीनें विचार करा. मध्यरात्रीं होडी पूर्ण तरंगत असते, आकाशांत चंद्र नाहीं, गांव झोंपलें आहे, आणि त्याच घटकेपासून पुढें सहा तास उधाणाची जोरदार ओहोटी समुद्राकडे वाहणार आहे. दोर कापावयाचा आणि होडींत आडवें पडून राहावयाचें. यंत्र सुरू करावें लागत नाहीं, कुत्रें भुंकत नाहीं. याच्या उलट अष्टमीच्या मध्यरात्रीं पाणी ओसरलेलें असतें. होडी बहुधा चिखलावर टेकलेली असते, आणि पाणी पुन्हां चढूं लागलें तरी तें तिला वरच्या अंगास, गांवांकडे नेतें. तेव्हां पंचांगाचा उपयोग केवळ एकादशीपुरता नाहीं. अवसेच्या आगेंमागें तीन-चार रात्री यंत्र घरीं आणावें, हा माझा पहिला नियम.

दुसरी गोष्ट साखळीची. नायलॉनचा दोर कितीहि जाड असो, धारदार कोयत्यापुढें तो क्षणभरहि टिकत नाहीं. म्हणून साखळी पाहिजे. मीं उत्साहानें जाड साखळी आणली, होडी तिनेंच जखडून टाकली, आणि लगेच नवी चूक केली. उधाणाला आमच्याकडे पाणी सहा तासांत आठ-नऊ फूट उतरतें. भरतीच्या वेळीं आंखूड बांधलेली होडी ओहोटीला खुंट्यावर टांगली जाते. ओहोटीच्या वेळीं आंखूड बांधलेली होडी भरतीला नाक खुपसून बुडूं लागते. शिवाय साखळीला ताण सोसत नाहीं. प्रत्येक लाटेबरोबर ती हिसका देते आणि होडीची कडी ढिली करते. त्यावर तांडेलानें सांगितलेली तोड मी अद्याप पाळतों. होडी धरून ठेवण्याचें काम लवचिक दोराकडे द्यावें, आणि साखळी त्याहून दोन-चार हात लांब, सैल सोडावी. दोर कापला गेला तरच तिची पाळी यावी.

परंतु साखळी जिला अडकवावयाची ती कडीच कच्ची असेल तर काय उपयोग? पुष्कळ लहान होड्यांच्या पुढल्या टोंकाची कडी फायबरमध्यें नुसत्या दोन स्क्रूंनीं बसविलेली असते. पहार घालून दोन हिसके दिले कीं ती स्क्रूंसकट हातांत येते. स्क्रूंऐवजीं आरपार जाणारे बोल्ट घालावे, आंतल्या बाजूस लोखंडी पट्टी किंवा सागवानी फळी द्यावी, आणि नट बसविल्यावर बोल्टाचीं टोंकें ठोकून चपटीं करावीं. गांवचा फिटर हें काम एका दुपारींत करतो. माझें मत असें कीं, महाग कुलपापेक्षां या कामावर पैसा खर्च करणें अधिक शहाणपणाचें आहे.

कुलपाविषयीं बोलावयाचें तर खारें पाणी चोराइतकेंच त्याचें वैरी आहे. कठीण पोलादाच्या दांडीचें कुलूप कापावयास अवघड, पण गंजावयास सोपें. न गंजणाऱ्या पोलादाची दांडी टिकते, पण मोठ्या कात्रीपुढें लवकर नमते. पितळी कुलूप जस्ताचा मुलामा दिलेल्या साखळीला लागून खाऱ्या पाण्यांत भिजत राहिलें, तर दोन धातूंमध्यें सूक्ष्म विद्युत्प्रवाह वाहूं लागतो आणि जस्त झपाट्यानें झिजतें. पुढें तेथली कडी गंजते. म्हणून कुलूप नेहमीं पाण्याच्या वर राहील असें लावावें, त्यावर रबराची झांपड असावी, दर पंधरवड्यास तें उघडून ग्रीस भरावें. माझें पहिलें कुलूप असें गंजून बसलें कीं शेवटीं मलाच करवत घेऊन स्वतःच्या होडीवर चोरासारखें बसावें लागलें. येणारेजाणारे हंसत होते.

खरें पाहतां चोराला होडी नकोच असते; त्याला यंत्र पाहिजे असतें. दोन-तीन अश्वशक्तीचें यंत्र एका माणसास सहज उचलतां येतें. तें रोज घरीं न्यावें, गोड्या पाण्यानें धुवावें, उभें ठेवावें. त्याहून जड यंत्रास पकडीच्या दोन्ही फिरक्यांवर सरकवून बसवावयाची चिरलेली पोलादी नळी मिळते; तिला कुलूप लावलें कीं फिरक्या फिरवितां येत नाहींत. तेलाची टांकी आणि वल्हीं मात्र कोणत्याहि परिस्थितींत होडींत ठेवूं नयेत. आपलीं वल्हीं घेऊन चोर दुसऱ्याची होडीहि नेतो.

आतां त्या हवालदारांच्या प्रश्नाकडे येतों. यंत्राचा क्रमांक पकडीजवळच्या पट्टीवर असतो. तो वहींत लिहावा आणि यंत्राचें व होडीचें छायाचित्र काढून ठेवावें. होडीच्या अंगावरहि खूण कोरावी, तीहि दोन ठिकाणीं: एक उघड, एक बैठकीखालीं लपलेली. उघड खूण घांसून टाकतां येते. दुसरी आहे हें चोराला ठाऊक नसतें. अमेरिकेंत १९७२ पासून कारखान्यांत तयार होणाऱ्या प्रत्येक होडीवर बारा अक्षरांची ओळख कोरण्याची सक्ती झाली, आणि १९८४ पासून तीच ओळख दुसऱ्या, न दिसणाऱ्या जागींहि कोरावी असा नियम आला, तो याच कारणानें. क्रमांक किती दूरवर बोलतो याचें उदाहरण आपल्याच किनाऱ्याचें आहे. नोव्हेंबर २००८ मध्यें मुंबईवर हल्ला करणाऱ्यांनीं पोरबंदरची ‘कुबेर’ ही मासेमारी नौका भर समुद्रांत बळकावली आणि शेवटचा पल्ला रबरी होडींतून गांठला. त्या होडीचें आउटबोर्ड यंत्र जपानांतून पाकिस्तानांत पाठविलें गेलें होतें, हें पुढें त्याच्या क्रमांकावरूनच उघड झालें.

तेव्हांपासून होडी नाहींशी होणें ही केवळ धन्याच्या नुकसानीची बाब उरलेली नाहीं. मुंबईकर मंडळींनीं खाडीकांठीं सुटींत वापरण्यासाठीं होडी घेतली असेल, तर तिची नोंदणी करून घ्यावी, आणि ती दिसेनाशी होतांच सागरी पोलिसांस १०९३ या क्रमांकावर कळवावें. ‘वाहून गेली असेल, येईल परत’ म्हणून मीं पहिला दिवस दवडला. त्या एका दिवसांत यंत्र किती दूर गेलें असेल, याचा हिशेब मी अजूनहि अधूनमधून करतों.

हल्लीं ठिकाण कळविणारीं छोटीं विद्युत्-यंत्रें मिळतात. माझ्या पुतण्यानें एक बसवून दिलें आहे. खाडीच्या वळणावर त्याचा आवाका तुटतो आणि बॅटरी आठवड्यांत उतरते. पण असलेलें बरें. त्याहून मला अधिक भरंवसा तरीवरच्या लोकांचा वाटतो. ‘परगांवीं जात आहे, होडीवर लक्ष असूं द्या,’ एवढें सांगून ठेवलें कीं अनोळखी माणूस तिच्याजवळ दिसतांच हांक मारली जाते.

पावसाळ्यांत होडी वर ओढून झापांनीं झांकावी आणि साखळी माडाच्या बुंध्यास घालावी. होडी किंचित् कलती ठेवून तळाचें बूच काढून घ्यावें. पावसाचें पाणी निचरून जातें, आणि कोणी ती रात्रीं पाण्यांत लोटलीच तर दहा हातांवर ती भरूं लागते. माझें बूच सध्यां देवघराशेजारच्या फडताळांत आहे; नारळी पौर्णिमेपर्यंत तें तेथेंच राहील.