घोड्याला ‘कृत्रिम रक्त’ देता येतं का? तट्टू फिकट पडलं तर आधी काय करायचं?

बीड जिल्ह्यात मेंढरांच्या वाड्यासोबत बिऱ्हाड वाहणारं तट्टू असो की लग्नसराईत वरातीला लागणारी घोडी, जनावर बसलं की घरची कमाई बसते. असं जनावर खंगू लागलं, चालताना दमू लागलं आणि हिरड्या पांढुरक्या दिसू लागल्या, तर रक्तक्षय म्हणजे ॲनिमियाची शंका घ्यायला हवी. मग माणसासारखं घोड्यालाही रक्त चढवता येतं का? आणि ‘कृत्रिम रक्त’ हा त्यावर उपाय आहे का?

घोड्याचं रक्त कमी का होतं?

मोठी जखम हे एक कारण. पण अनेकदा रक्त हळूहळू कमी होतं. चावणाऱ्या माश्यांमुळे ‘सर्रा’ हा आजार पसरतो. त्याचे परजीवी रक्तात वाढतात. गोचिडांमुळे होणाऱ्या बॅबेसिया आणि थायलेरियाच्या संसर्गात तांबड्या पेशी फुटतात. पोटातले जंतही रक्त शोषतात.

घोडा हे बराच काळ लपवू शकतो. त्याच्या प्लीहेत तांबड्या पेशींचा मोठा साठा असतो. जनावर बिथरलं की त्या पेशी रक्तात येतात आणि तपासणीत रक्त प्रत्यक्षापेक्षा चांगलं दिसू शकतं.

रक्त चढवणं अवघड का?

घोड्यात रक्त वजनाच्या सुमारे 8 टक्के असतं. म्हणजे 300 किलोच्या तट्टात साधारण 24 लिटर. 400 किलोचा निरोगी घोडा एका वेळी सुमारे 6 लिटर रक्त देऊ शकतो.

खरी अडचण रक्तगटाची आहे. घोड्यांमध्ये रक्तगटांच्या 4 लाखांहून अधिक जोड्या संभवतात. त्यामुळे सगळ्यांना चालेल असा ‘सार्वत्रिक दाता’ मिळत नाही. पहिल्यांदा दिलेलं रक्त सहसा सोसतं, पुढच्या वेळी धोका वाढतो. दात्याला सर्रा किंवा ‘इक्वाइन इन्फेक्शियस ॲनिमिया’ नाही, हेही तपासावं लागतं. या दुसऱ्या विषाणूजन्य आजारावर उपचार नाही.

मग कृत्रिम रक्ताचं काय?

‘ऑक्सिग्लोबिन’ हे यातलं सर्वांत ओळखीचं नाव. गायीच्या रक्तातलं हिमोग्लोबिन शुद्ध करून ते तयार केलं जायचं. अमेरिकेत 1998 मध्ये त्याला मान्यता मिळाली, पण कुत्र्यांसाठी. त्यात तांबड्या पेशी नसल्याने रक्तगट जुळवावा लागत नाही आणि ते खोलीच्या तापमानात टिकतं.

पशुवैद्यकांनी ते काही घोडे आणि पोनींनाही दिलं. 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पोनींवरच्या अभ्यासात ऑक्सिजन वाहून नेण्याची क्षमता सुधारली, मात्र एका पोनीला ॲलर्जीसारखी तीव्र प्रतिक्रियाही आली.

मर्यादा तीन आहेत. पहिली, परिणाम एक-दोन दिवसच टिकतो. दुसरी, रक्तवाहिन्या आकुंचन पावून रक्तदाब वाढू शकतो. तिसरी, प्रमाण. किलोमागे 10 मिली धरलं तरी 300 किलोच्या तट्टाला 3 लिटर, म्हणजे 125 मिलीच्या 24 पिशव्या लागतील. बनवणारी ‘बायोप्युअर’ ही कंपनी 2009 मध्ये दिवाळखोरीत गेली.

म्हणून कृत्रिम रक्त फार तर दाता मिळेपर्यंत किंवा औषध लागू पडेपर्यंतचा वेळ काढून देतं. सर्रा, गोचीड किंवा जंत ते घालवत नाही.

मालकाने काय करावं?

- आठवड्यातून एकदा हिरड्या आणि पापणीची आतली बाजू पाहा. निरोगी जनावरात त्या गुलाबी असतात. पांढुरक्या किंवा पिवळसर दिसल्या तर थांबू नका.
- ताप येऊन-जाऊन राहणं, पायांवर किंवा पोटाखाली सूज, लालसर-तपकिरी लघवी ही लक्षणं डॉक्टरांना सांगा.
- रक्ताची तपासणी करून घ्या. सर्रा वेळीच ओळखला तर त्यावर औषध आहे.
- स्वतःहून लोहाचं इंजेक्शन देऊ नका. घोड्यात लोहाची कमतरता क्वचितच असते आणि अशा इंजेक्शनने घोडे दगावल्याची उदाहरणं आहेत.
- आजारी जनावराला विश्रांती द्या, ओझं लादू नका. गोचीड काढा, माश्यांचा बंदोबस्त करा.

फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी 1962 हा टोल फ्री क्रमांक आहे. बीडच्या शेजारच्या परभणी जिल्ह्यात पशुवैद्यकीय महाविद्यालयही आहे. रक्त चढवण्याची वेळ येण्याआधी तिथे पोहोचलेलं तट्टू वाचण्याची शक्यता जास्त असते.