पोटात राहतो समुद्री शेवाळाचा नातेवाईक!

ए दोस्ता, केल्प ठाऊक आहे? थंड समुद्रात वाढणारं तपकिरी शेवाळ. काही केल्प तर चक्क ४५ मीटर लांब होतात!

आता ओळख बघू, त्याचा एक लांबचा नातेवाईक कुठे राहतो? माणसाच्या आतड्यात! अगं हो, अरे हो, खरंच!

त्याचं नाव ब्लास्टोसिस्टिस. एकाच पेशीचा जीव. इतका इवलासा, की एका मिलिमीटरच्या रेघेवर साधारण १०० जण ओळीनं मावतील. सूक्ष्मदर्शकाखाली तो कसा दिसतो सांगू? मधोमध एक भलामोठा गोल फुगा आणि बाकीचं सगळं कडेला चेपून बसलेलं!

फ्रान्सच्या एमील ब्रम्प्ट यांनी १९१२ मध्ये माणसाच्या पोटातल्या या पाहुण्याचं बारसं केलं. पण हा आहे तरी कोण? कितीतरी वर्षं लोक त्याला यीस्ट समजत होते. शेवटी १९९६ मध्ये त्याची जनुकं तपासली, आणि काय निघालं? हा तर केल्पच्या गोतावळ्यातला!

खरा वाद पुढेच आहे. हा जीव आपल्याला त्रास देतो का?

समज, वर्गाची काच फुटली आणि तिथे बंड्या उभा होता. मग काच बंड्यानंच फोडली? थांब! ज्या दिवशी काच फुटली नाही, त्या दिवशीही बंड्या तिथेच उभा असायचा की!

इथेही अगदी तसंच झालं. पोट बिघडलेल्यांची शी तपासली (हो, डॉक्टर शीसुद्धा तपासतात!), तर तिथे ब्लास्टोसिस्टिस. आणि ठणठणीत माणसांची तपासली, तर तिथेही तोच! आफ्रिकेतल्या सेनेगलमध्ये ९३ मुलं तपासली. किती जणांत सापडला असेल? सगळ्याच्या सगळ्या ९३ मुलांत! त्यातल्या काहींचं पोट बिघडलेलं होतं, पण काही मुलं अगदी मजेत होती.

२०२४ मध्ये तर कमालच झाली! सुमारे ५७,००० माणसांच्या माहितीत दिसलं, की हा पाहुणा ज्यांच्या पोटात होता, त्यांची तब्येत बऱ्याच बाबतींत जास्त चांगली होती. पण त्याच्यामुळे तब्येत सुधारली, की चांगलं पोट बघून तो तिथे राहायला आला? हे कोडं अजून सुटलेलं नाही.

आणखी एक गंमत ऐक. हे सगळे ब्लास्टोसिस्टिस दिसायला सारखेच, पण जनुकं तपासली की त्यांचे वेगवेगळे प्रकार निघतात! एखादा प्रकार खोडकर आणि बाकीचे गुणी, असंही असू शकतं. म्हणून हल्ली शास्त्रज्ञ ‘ब्लास्टोसिस्टिस सापडला’ एवढ्यावर थांबत नाहीत. लगेच विचारतात, ‘त्यातला कुठला?’