रेडिओ लहरींची तरंगलांबी आणि तिचे मोल

म्हैसूरमधील जयलक्ष्मीपुरम या वसाहतीपासून जवळच, यादवगिरी येथे आकाशवाणीचे केंद्र आहे. मानसशास्त्राचे प्राध्यापक डॉ. एम. व्ही. गोपालस्वामी यांनी १९३५ मध्ये आपल्या निवासस्थानातून सुरू केलेले खासगी प्रसारण हे त्याचे मूळ. ‘आकाशवाणी’ हे नाव देशाच्या प्रसारणसंस्थेने पुढे म्हैसूरकडूनच घेतले. हे केंद्र एफएमवर १००.६ मेगाहर्ट्झला ऐकू येते. या आकड्यावरून लहरीची लांबी कशी काढावयाची?

वारंवारता म्हणजे एका सेकंदात होणारी आंदोलने. येथे ती १० कोटी ६ लाख आहेत. तेवढ्याच वेळात लहर प्रकाशाच्या वेगाने सुमारे ३० कोटी मीटर अंतर कापते. म्हणजे हे अंतर १० कोटी ६ लाख लहरींनी व्यापलेले असते. भागाकार केला की एका लहरीची लांबी मिळते, २.९८ मीटर. वारंवारता मेगाहर्ट्झमध्ये असल्यास ३०० ला तिने भागले की उत्तर थेट मीटरमध्ये येते.

विद्यार्थी चुकतात ते सूत्रात नव्हे, एककात. मुंबई आकाशवाणीचे मराठी कार्यक्रम मध्यम लहरींवर अनेक वर्षे ५५८ किलोहर्ट्झला ऐकले गेले. ५५८ किलोहर्ट्झ म्हणजे ०.५५८ मेगाहर्ट्झ, म्हणून तरंगलांबी सुमारे ५३८ मीटर, अर्ध्या किलोमीटरहून अधिक! सरळ उभा अँटेना साधारणतः तरंगलांबीच्या चतुर्थांशाइतका असतो. त्यामुळे एफएमला पाऊण मीटरची दांडी पुरते, तर मध्यम लहरींना शंभर मीटरहून उंच मनोरे लागतात. मात्र या लांब लहरी पृथ्वीच्या वक्रतेला धरून दूरवर जातात. एफएमची लहर क्षितिजापलीकडे फारशी पोहोचत नाही.

अर्थशास्त्राचा संबंध येथेच येतो. ७०० मेगाहर्ट्झची तरंगलांबी सुमारे ४३ सेंटिमीटर, तर ३,३०० मेगाहर्ट्झची अवघी ९ सेंटिमीटर. पहिली भिंतींतून अधिक सहज पार होते, त्यामुळे तेवढ्याच प्रदेशासाठी कमी मनोरे पुरतात. साहजिकच २०२२ च्या लिलावात देशभरासाठी ७०० मेगाहर्ट्झ पट्ट्याची राखीव किंमत प्रति मेगाहर्ट्झ ३,९२७ कोटी रुपये होती, ३,३०० मेगाहर्ट्झ पट्ट्याची केवळ ३१७ कोटी. अर्थात गुण असला तरी कोणतीही किंमत मिळतेच असे नाही. २०१६ मध्ये ७०० मेगाहर्ट्झसाठी ११,४८५ कोटी मागितले गेले, तेव्हा एकही बोली आली नव्हती.