गरोदरपणातलं बीपी : पहिला आकडा जपून ठेवा

सातव्या महिन्यात डोहाळजेवण झालं आणि ताई बाळंतपणासाठी इंदूरहून नागपूरला माहेरी आली. बॅगेत सगळं होतं, फक्त दवाखान्याची फाइल सासरी राहिली. इथल्या डॉक्टरांनी बीपी मोजलं तर १३०/८४. आई म्हणाली, ''नॉर्मलच आहे की!'' डॉक्टरांनी मात्र विचारलं, ''तिसऱ्या महिन्यात किती होतं?''

भाऊजींनी फाइलचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले. तिसऱ्या महिन्यात होतं १०४/६४. डॉक्टरांनी लगेच लघवीची तपासणी सांगितली आणि दर आठवड्याला बीपी मोजायला बोलावलं.

रक्त वाढलं की बीपी वाढणार, असं आपल्याला वाटतं. गरोदरपणात आईच्या शरीरातलं रक्त ४० ते ५० टक्क्यांनी वाढतं, हृदयही खूप जास्त रक्त पंप करतं. तरी सुरुवातीच्या महिन्यांत बीपी उलट खाली येतं! कारण प्रोजेस्टेरॉन, रिलॅक्सिन यांसारखी हार्मोन्स आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तरात तयार होणारा नायट्रिक ऑक्साइड यांमुळे रक्तवाहिन्या सैलावतात. साधारण २० ते २४ आठवड्यांच्या सुमाराला बीपी सर्वांत कमी असतं, मग हळूहळू चढत नवव्या महिन्यात पूर्वीच्या आकड्याजवळ येतं. म्हणूनच सुरुवातीचा आकडा माहीत नसेल, तर सातव्या महिन्यातला आकडा अर्धीच गोष्ट सांगतो.

रक्तवाहिन्यांचा स्वभावही बदलतो. अँजिओटेन्सिन नावाचं रसायन एरवी त्यांना आवळतं. निरोगी गरोदर स्त्रीच्या रक्तवाहिन्या मात्र त्याला फारशी दाद देत नाहीत. अमेरिकेतल्या डॅलसमध्ये नॉर्मन गँट आणि सहकाऱ्यांनी पहिलटकरणींचा अभ्यास करून १९७३ मध्ये दाखवलं, की ज्यांचं बीपी पुढे वाढलं, त्यांच्या रक्तवाहिन्या कित्येक आठवडे आधीच पुन्हा आवळायला लागल्या होत्या. म्हणजे बाहेरून सगळं ठीक दिसत असताना आत बदल सुरू झालेला असतो.

या आजाराला प्रीएक्लॅम्पसिया म्हणतात. गर्भाशयातल्या बारीक धमन्या वारेला भरपूर रक्त मिळावं म्हणून रुंद व्हायला हव्यात. त्या पुरेशा रुंद झाल्या नाहीत, तर वारेतून अशी द्रव्यं आईच्या रक्तात येतात जी तिच्या रक्तवाहिन्यांच्या अस्तराला इजा करतात. मग बीपी वाढतं, मूत्रपिंड आणि यकृतावर ताण येतो, वेळेत उपचार नाही झाले तर झटकेही येऊ शकतात. २० आठवड्यांनंतर बीपी पुन्हा पुन्हा १४०/९० किंवा जास्त येत असेल तर डॉक्टरांना कळवायलाच हवं. १६०/११० म्हणजे तातडीने हॉस्पिटल.

खरी अडचण आपल्या घरातल्या बोलण्यात आहे. डोकं दुखतंय? झोप झाली नसेल. बरगडीखाली दुखतंय? पित्त झालं असेल. चेहरा सुजलाय? या दिवसांत सुजतोच. पायांवर थोडी सूज बऱ्याच जणींना येते, हे खरं. पण न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे, उजव्या बरगडीखाली दुखणं, चेहऱ्यावर आणि हातांवर अचानक सूज, यांपैकी काहीही झालं तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका. आणि काहीही त्रास नसतानाही बीपी वाढलेलं असू शकतं, म्हणून प्रत्येक तपासणीत ते मोजून घ्याच. सरकारी दवाखान्यांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला ही तपासणी मोफत होते.

घरी मोजत असाल तर पाच मिनिटं शांत बसा, पाठ टेकवा, पायावर पाय नको, हात हृदयाच्या उंचीवर. शेवटच्या महिन्यांत उताणं झोपून मोजू नका. गर्भाशयाचा भार मोठ्या शिरेवर पडून बीपी एकदम उतरतं, चक्करही येते. कुशीवर वळलं की बरं वाटतं.

दोन आठवड्यांनी ताईचं बीपी १४४/९४ झालं, लघवीत प्रोटीन आलं. गोळ्या सुरू झाल्या आणि ३७ व्या आठवड्यात डॉक्टरांनी बाळंतपण करवलं. बाळ छान आहे. आम्हाला वाटलं, सुटलो. पण बाळंतपणानंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवसांत बीपी पुन्हा चढू शकतं, हे डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं. ताईचा सगळ्यात मोठा आकडा पाचव्या दिवशी आला, १५६/१००. तेव्हा आई बाळंतिणीच्या शेकशेगडीची तयारी करत होती.