एअरसॉफ्ट खेळायला सुरुवात करताय? आधी डोळ्यांची काळजी घ्या

"डॉक्टर, कालपासून डोळा लाल आहे, थेंब लिहून द्या." एका सोमवारी सकाळी १९ वर्षांचा एक मुलगा असे म्हणत दवाखान्यात आला. रविवारी तो मित्रांबरोबर एअरसॉफ्ट खेळायला गेला होता. गॉगल घातला होता, पण घामाने काच धुरकट झाली. ती पुसण्यासाठी त्याने गॉगल क्षणभर वर केला आणि नेमका तेव्हाच छर्रा लागला. दुखणे तासाभरात कमी झाले, म्हणून घरच्यांनीही फारसे मनावर घेतले नाही.

टॉर्च लावून पाहिले तर डोळ्याच्या काळ्या भागात, अगदी खाली, रक्ताची बारीक रेघ साठलेली होती. थेंब न देता त्याला लगेच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवले. त्याची नजर वाचली. पण त्या डोळ्याचा दाब त्याला आता दरवर्षी तपासून घ्यावा लागणार आहे.

एअरसॉफ्ट हा वाईट खेळ नाही. धावणे, वाकणे, लपणे, एकमेकांशी बोलून डाव आखणे यात चांगला व्यायाम होतो. पण सुरुवात करण्याआधी काही गोष्टी माहीत असायलाच हव्यात. तुम्ही स्वतः खेळणार असाल किंवा घरातला मुलगा-मुलगी "मित्रांबरोबर जातोय" असे सांगत असेल, तर हा लेख दोघांनी वाचावा.

एअरसॉफ्ट म्हणजे नेमके काय?

१९७० च्या दशकात जपानमध्ये सुरू झालेला हा खेळ आहे. खऱ्या बंदुकीसारख्या दिसणाऱ्या खेळण्यातल्या बंदुकीतून ६ मिलिमीटरचा प्लॅस्टिकचा गोल छर्रा उडतो. खेळाडू त्याला 'बीबी' म्हणतात. बंदूक स्प्रिंगवर, बॅटरीवर किंवा गॅसवर चालते. पेंटबॉलमध्ये रंगाचा मोठा गोळा अंगावर फुटतो, इथे छर्रा लहान आणि टणक असतो.

छर्र्याचे वजन साधारण ०.२ ग्रॅम असते. वजन नगण्य असले तरी वेग सेकंदाला ९० ते १०० मीटर असू शकतो. ०.२ ग्रॅमचा छर्रा सेकंदाला १०० मीटर वेगाने निघाला, तर त्यात १ जूल ऊर्जा असते. कपड्यावरून पाठीला लागला तर चिमटा काढल्यासारखे वाटते आणि लाल गोल वळ उठतो. तोच छर्रा डोळ्याला लागला तर चित्र वेगळे असते.

डोळ्यालाच एवढा धोका का?

आपला डोळा हाडांच्या खोबणीत बसलेला असतो. टेनिसचा चेंडू तोंडावर आला, तर त्याचा बराचसा मार भुवईचे आणि गालाचे हाड झेलते. ६ मिलिमीटरचा छर्रा मात्र या हाडांच्या मधून सरळ बुबुळावर जातो. पापणी मिटायला सुमारे एक दशांश सेकंद लागतो. तेवढ्या वेळात छर्रा आठ-दहा मीटर पुढे गेलेला असतो. म्हणून "येताना दिसला की डोळे मिटू" हा भरवसा कामाचा नाही.

डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पटलाची जाडी मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर असते. छर्रा लागल्यावर पुढील गोष्टी होऊ शकतात:

- पारदर्शक पटलावर ओरखडा येणे. खूप दुखते, पाणी येते, उजेड सहन होत नाही.
- डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात रक्त साठणे. वरच्या मुलाला हेच झाले होते.
- आतले भिंग सरकणे किंवा पुढे काही महिन्यांत तिथे मोतीबिंदू होणे.
- मागच्या पडद्याला सूज येणे, छिद्र पडणे किंवा पडदा सुटणे.
- पाणी वाहून जाण्याच्या मार्गाला इजा होऊन पुढे काचबिंदू होणे. हा अनेक वर्षांनीही होऊ शकतो आणि सुरुवातीला काहीच जाणवत नाही.

यातल्या काही इजांमध्ये डोळा बाहेरून फक्त थोडा लाल दिसतो. त्यामुळे "फार दुखत नाही, म्हणजे फार लागले नाही" हा हिशेब डोळ्याला लावू नका.

गॉगल कसा निवडाल?

पैसे मोजके असतील तर आधी चांगला गॉगल घ्या, बंदूक नंतर. बहुतेक मैदानांवर बंदूक भाड्याने मिळते. भाड्याचा गॉगल मात्र चरे पडलेला, पट्टा सैल झालेला असू शकतो.

- उन्हाचा चष्मा, नंबरचा चष्मा किंवा दुचाकी चालवताना घालायचा साधा गॉगल चालणार नाही. काच किंवा साधे प्लॅस्टिक फुटले तर त्याचेच तुकडे डोळ्यात जातात.
- भिंग पॉलीकार्बोनेटचे हवे आणि गॉगलवर माराची चाचणी झाल्याची खूण हवी. युरोपच्या 'ईएन १६६' मानकात 'एफ' खुणेच्या चष्म्याची चाचणी ०.८६ ग्रॅमची पोलादी गोळी सेकंदाला ४५ मीटर वेगाने मारून करतात. 'बी' खुणेसाठी हाच वेग १२० मीटर असतो. हिशेब केला तर 'एफ'च्या चाचणीतली ऊर्जा १ जूलपेक्षा थोडी कमी भरते आणि 'बी'ची सुमारे ६ जूल. एअरसॉफ्टसाठी 'बी' किंवा त्यावरची खूण पाहा. अमेरिकेचे 'एएसटीएम एफ २८७९' हे मानक खास एअरसॉफ्टसाठीच आहे.
- गॉगल चारही बाजूंनी चेहऱ्याला टेकलेला हवा. खाली वाकून, मान हलवून पाहा. बाजूने बोट आत जात असेल तर छर्राही जाईल.
- जाळीचा गॉगल धुरकट होत नाही, म्हणून काहींना आवडतो. पण छर्रा फुटला तर त्याचे बारीक तुकडे जाळीतून आत जाऊ शकतात. नवख्यांनी तो टाळावा.
- नंबरचा चष्मा असेल तर त्यावरून बसणारा मोठा गॉगल घ्या. चष्म्याऐवजी कॉन्टॅक्ट लेन्स घातली तरी गॉगल हवाच.
- काच धुरकट होऊ नये म्हणून दुहेरी भिंगाचा, हवा खेळती राहणारा गॉगल घ्या. धूर न धरणारा फवारा आधीच मारून ठेवा.

तरीही काच धुरकट झालीच तर? हात वर करून "मी बाद" असे ओरडा, मैदानाबाहेरच्या सुरक्षित जागेत जा आणि तिथेच गॉगल काढा. एक डाव गेला तरी चालेल. माझ्या त्या रुग्णाने काच पुसायला जेमतेम पाच सेकंद घेतले होते.

दात, कान आणि बाकी अंग

गॉगलबरोबर तोंडाचा खालचा भाग झाकणारा मुखवटा घ्या. पुढचा दात छर्र्याने तुटू शकतो. पूर्ण बाही, जाड पँट, हातमोजे आणि घोट्याच्या वर येणारे बूट घाला. मान रुमालाने झाका. एअरसॉफ्टमध्ये दगडात पाय मुरगळूनही दुखापत होऊ शकते.

आपल्याकडच्या हवेत पूर्ण कपडे आणि मुखवटा घालून धावले की भरपूर घाम जातो. तहान लागण्याची वाट पाहू नका, दर डावानंतर पाणी प्या. ओआरएसची दोन पाकिटे पिशवीत ठेवा आणि प्रत्येक पाकीट त्यावर लिहिल्याइतक्याच पाण्यात मिसळा. डोके गरगरणे, मळमळ, पायात गोळे येणे ही थांबण्याची खूण आहे. कोणी असंबद्ध बोलू लागला किंवा भोवळ येऊन पडला, तर त्याला सावलीत आणा, अंग ओले करून वारा घाला आणि लगेच रुग्णालयात न्या.

पावसाळ्यात आणि त्यानंतर गवताळ मैदानात खेळलात तर घरी आल्यावर साबणाने अंघोळ करा, कपडे लगेच धुवा. गवतातल्या बारीक किड्यांच्या चाव्याने स्क्रब टायफस होतो आणि त्याचे रुग्ण आपल्याकडे, विशेषतः विदर्भात, आढळतात. चिखलात खेळला असाल आणि पायाला जखम असेल तर लेप्टोचीही शक्यता असते. खेळल्यानंतरच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला, तर डॉक्टरांना मैदानाबद्दल आवर्जून सांगा.

आधी डॉक्टरांना कोणी विचारावे?

- ज्यांना एकाच डोळ्याने नीट दिसते. त्यांनी हा खेळ खेळू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.
- डोळ्याची शस्त्रक्रिया झालेले, चष्म्याचा नंबर घालवण्याची लेसर शस्त्रक्रियाही यात आली. तसेच उणे नंबर खूप जास्त असलेले, कारण त्यांचा पडदा आधीच नाजूक असतो.
- रक्त पातळ होण्याच्या गोळ्या घेणारे किंवा रक्त लवकर न थांबण्याचा आजार असलेले.
- दमा, हृदयविकार, फिट येणे किंवा इन्सुलिनवरचा मधुमेह असलेले. दम्याचा पंप किंवा साखर गाडीत नको, खिशात हवी.
- गर्भवती महिलांनी हा खेळ टाळावा.
- सिकलसेलचा आजार असलेले किंवा त्याचे वाहक असलेले. विदर्भ आणि नंदुरबारकडच्या अनेक कुटुंबांत तो आढळतो. एरवी वाहकाला सहसा त्रास नसतो, पण डोळ्यात रक्त साठले तर सिकलसेलमुळे दाब लवकर वाढून नजर जाण्याचा धोका जास्त असतो. डोळ्याला लागल्यावर ही माहिती डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा.

डोळ्याला छर्रा लागला तर काय कराल?

१. खेळ थांबवा, बसा. डोळा चोळू नका, दाबू नका.

२. डोळ्यात काहीही घालू नका. गुलाबपाणी, तूप, मध, घरातले जुने थेंब, काहीच नको. पाण्याचे जोरदार हबकेही मारू नका. डोळा फाटला असेल तर त्याने नुकसान वाढते.

३. कागदी कप तळापासून दोन बोटे उंचीवर कापा. तो वाटीसारखा तुकडा डोळ्यावर ठेवून चिकटपट्टीने कपाळ आणि गालाला चिकटवा. त्याचा भार हाडावर यावा, डोळ्यावर नाही. कापूस किंवा रुमालाची घट्ट पट्टी बांधू नका.

४. डोके उंच ठेवून बसलेल्या स्थितीत रुग्णालयात न्या. स्वतः गाडी चालवू नका.

५. दुखत असेल तर पॅरासिटामॉल चालते. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घेऊ नका, रक्तस्राव वाढू शकतो. डोळा फाटल्यासारखा दिसत असेल तर डॉक्टर पाहीपर्यंत खायला-प्यायला देऊ नका. शस्त्रक्रिया लागू शकते.

६. नेत्ररोगतज्ज्ञांकडे त्याच दिवशी जा. दिसणे कमी झाले, एकाच्या दोन वस्तू दिसू लागल्या, डोळ्यासमोर चमका किंवा काळे ठिपके आले, बाहुलीचा आकार बिघडला किंवा काळ्या भागात रक्त दिसले, तर एक तासही थांबू नका.

आत रक्त साठले असेल तर पहिल्या पाच दिवसांत पुन्हा रक्तस्राव होण्याची भीती असते आणि दुसऱ्यांदा झालेला रक्तस्राव बहुधा पहिल्यापेक्षा जास्त असतो. म्हणून बरे वाटले तरी सांगितलेली विश्रांती पूर्ण घ्या आणि पुढच्या तपासण्या चुकवू नका. औषधाच्या दुकानातून स्टिरॉइडचे थेंब स्वतःच्या मनाने आणू नका.

इतर दुखापती

*कातडीवर वळ:* थंड पाण्याची पट्टी पुरते. कातडी फाटली असेल तर साबण-पाण्याने धुवा आणि धनुर्वाताचे इंजेक्शन कधी घेतले होते ते डॉक्टरांना सांगा. छर्रा आत रुतला असेल तर घरी कोरून काढू नका.

*दात पडला:* मुळाला हात न लावता दात वरच्या बाजूने धरा, दुधात ठेवा आणि अर्ध्या तासात दंतवैद्यांकडे पोहोचायचा प्रयत्न करा. दुधाचा दात मात्र परत बसवायचा नसतो.

*कानात छर्रा गेला:* पिन किंवा काडी घालू नका, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा.

*पाय मुरगळला:* खेळ थांबवा, बर्फ कापडात गुंडाळून लावा, पाय उंच ठेवा. चार पावलेही टाकता येत नसतील तर एक्स-रे काढा. तेल लावून चोळू नका.

पालकांसाठी थोडेसे

जत्रेत किंवा दिवाळीच्या बाजारात मिळणारी छर्र्याची स्वस्त बंदूक हे खेळणे समजून घरात आणली जाते. त्या खोक्यात गॉगल नसतो आणि गल्लीत खेळताना नियमही नसतात. लहान मुलांना अशी बंदूक देऊ नका. मोठी मुले खेळत असतील तर आयोजकांच्या मैदानावर, पंचांच्या देखरेखीखालीच खेळू द्या. पहिल्यांदा स्वतः बरोबर जा. सगळे जण गॉगल घालूनच आत सोडले जातात का, बंदुकीचा वेग मोजला जातो का, किती अंतराच्या आत मारायला मनाई आहे, हे विचारा. नीट उत्तर मिळाले नाही तर परत या.

एक गोष्ट घरी वारंवार सांगा: लागले तर लपवायचे नाही. ओरडा बसेल या भीतीने मुले डोळ्याचे दुखणे दोन-दोन दिवस सांगत नाहीत. तुमचा मुलगा डोळा झाकून घरी आला, तर "सांगितलं होतं ना" नंतर म्हणा, आधी डॉक्टरांकडे न्या.