लॅपटॉपमधील उष्णता आणि उष्णतावाहक लेपाची निवड

लॅपटॉप संगणक आता कार्यालये, शाळा आणि घरे यांतून नित्याच्या वापरात आहे. उन्हाळा सुरू होताच त्याचा पंखा सतत घोंघावू लागतो, तळ तापतो आणि कामाची गती मंदावते. यंत्र जुने झाले असे समजून ते पुष्कळदा निकालात काढले जाते. वस्तुतः उष्णतेचा निचरा नीट न होणे एवढेच अनेकदा त्याचे कारण असते.

प्रोसेसरला मिळणारी जवळजवळ सर्व वीज अखेर उष्णतेत रूपांतरित होते. लॅपटॉपमधील अनेक प्रोसेसरांची तपमानमर्यादा ९५ ते १०५ अंश सेल्सिअस असते. ती गाठताच प्रोसेसर स्वतःची गती कमी करून आपला बचाव करतो. त्यामुळे अवजड कामाच्या वेळी ८५ अंश तपमान दिसले, तर घाबरण्याचे कारण नाही. साध्या टंकलेखनाच्या वेळीही ते ९० अंशांवर राहत असेल, तर मात्र तपासणी आवश्यक ठरते.

प्रोसेसर आणि त्यावर बसणारी तांब्याची पट्टी यांचे पृष्ठभाग गुळगुळीत दिसले, तरी त्यांत सूक्ष्म खाचा असतात. त्यांत अडकलेली हवा उष्णता फारच थोडी वाहून नेते. तांब्याची उष्णतावाहकता सुमारे ४०० वॅट प्रति मीटर-केल्विन, तर हवेची केवळ ०.०२६ आहे. ही हवा हटविणे हेच 'थर्मल पेस्ट' नावाने मिळणाऱ्या लेपाचे कार्य होय.

लेपाच्या वेष्टनावरील मोठ्या आकड्यावर भिस्त ठेवणे योग्य नाही. दीड चौरस सेंटिमीटरच्या प्रोसेसरमधून ४५ वॅट उष्णता निघते आणि लेपाचा थर ०.०५ मिलिमीटर आहे, असे धरू. ५ वाहकतेच्या लेपात हिशेबाने ३ अंशांचा फरक पडतो, १० वाहकतेच्या लेपात दीड अंशाचा. दुप्पट आकड्याचा लाभ एवढाच. याउलट, खोलीचे तपमान २५ वरून ४० अंशांवर गेले, तर तेवढ्याच कामासाठी प्रोसेसरही सुमारे १५ अंशांनी अधिक तापतो.

म्हणून निवड करताना टिकाऊपणास प्राधान्य द्यावे. वारंवार तापण्या-निवण्यामुळे पातळ लेप हळूहळू कडेला सरकतो. त्या दृष्टीने घट्ट लेप बरा. सुमारे ४५ अंशांवर मऊ होऊन खाचांत भरणारी अवस्था-बदल पट्टीही लॅपटॉपला मानवते. गॅलियमयुक्त द्रवधातूची वाहकता मोठी असली, तरी तो विजेचा वाहक आहे आणि ॲल्युमिनियम पोखरतो. नवख्याने त्याच्या वाटेस जाऊ नये.

लेप बदलण्यापूर्वी पुढील उपाय करून पाहावेत. लॅपटॉप गादीवर वा उशीवर न ठेवता टणक पृष्ठावर ठेवावा. हवेची छिद्रे मोकळी ठेवावीत आणि पंख्याच्या जाळीतील धूळ काढावी. एवढ्याने न भागल्यास, हमीची मुदत पाहून, वीजजोडणी व बॅटरी तोडून यंत्र जाणकाराकडून उघडवावे. जुना लेप आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नवा पातळ, सलग थर द्यावा आणि स्क्रू क्रमांकानुसार थोडेथोडे आवळावेत.

एवढी दक्षता घेतल्यास, जुने म्हणून बाजूला सारलेले यंत्र आणखी काही वर्षे उपयोगी पडू शकेल.