बाहुलीपासून बैलापर्यंत

मुरबाड-शहापूरच्या गावांत वाढदिवसाचा केक ही बरीच वर्षं बाहेरून येणारी वस्तू होती. गोल किंवा चौकोनी, वर वनस्पती तुपाच्या क्रीमची गुलाबी फुलं, आणि कल्याणहून एसटीतून येईस्तोवर एक बाजू हमखास खोक्याला चिकटलेली. घरी करायचा तर कुकरची शिट्टी काढून, तळाशी वाळू घालून. मग बाहुलीचा केक आला. प्लॅस्टिकची बाहुली कमरेपर्यंत केकात रोवायची आणि भोवती क्रीमचा घागरा करायचा. घरातल्या मुक्या जनावराचा केक करावा, हे तेव्हा कुणाच्या डोक्यातही नव्हतं.

ते डोक्यात आणलं पडद्याने. अमेरिकेतली ‘केक बॉस’ ही मालिका २००९ मध्ये सुरू झाली. पुढे ती टीव्हीवरून आपल्याकडेही पोचली. खरी उसळी मात्र २०२० ची. टाळेबंदीत हाताला वेळ होता, आणि जुलैमध्ये कापल्यावरच केक असल्याचं कळणाऱ्या चपला-भाज्यांचे व्हिडिओ फोनोफोनी फिरत होते. घरोघरच्या सुगरणींनी ओव्हन घेतले. वर्षाला १२ लाखांच्या आत उलाढाल असणाऱ्यांना अन्नसुरक्षा नोंदणी १०० रुपये वार्षिक शुल्कात मिळे, त्यामुळे हौसेचा धंदा व्हायला वेळ लागला नाही. पहिली मागणी लॅब्राडोर आणि पर्शियन मांजराची.

मग बैल आला. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये बंद केलेल्या बैलगाडा शर्यतींना १६ डिसेंबर २०२१ रोजी महाराष्ट्रात अटींसह परवानगी मिळाली, आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदाच वैध ठरवला. शर्यतीच्या बैलाचा भाव वाढला, तशी त्याची हौसही. त्याचा वाढदिवस आधीपासूनच होत होता. मार्च २०२१ मध्ये डोंबिवलीत अशाच एका सोहळ्यात कोरोनाचे नियम मोडून गर्दी जमली म्हणून गुन्हाही नोंदला गेला. आता केकवर नुसतं नाव पुरेना, बैलच हवा.

इथे करणाऱ्याची परीक्षा लागते. चार पायांवर उभा बैल स्पंजला पेलत नाही, त्यासाठी आत सांगाडा लागतो. म्हणून बहुतेकदा बसलेला करतात. स्पंज आदल्या दिवशी भाजून थंड करायचा, मगच सुरीने कोरायचा. डोकं जड होऊ नये म्हणून ते वितळलेल्या चॉकलेटमध्ये बांधलेल्या कुरमुऱ्यांचं. वरून क्रीमच्या दुप्पट डार्क चॉकलेट घेतलेला गनाश, त्यावर फॉन्डंट, म्हणजे साखरेचं लवचीक आवरण. शिंगं दोन-तीन दिवस आधी करून वाळवायची. पावसाळ्यात फॉन्डंटला घाम सुटतो, त्यात वीज गेली की फ्रिजही कामाचा नाही.

एवढं जमलं तरी मालक आधी वशिंड बघतो, मग गळ्याची पोळी. खिल्लार असेल तर शिंगं लांब आणि मागे झुकलेली हवीत. डांगी तर सह्याद्रीच्या पावसात टिकणारं, शहापूरकडचंच जनावर. त्याचे काळे-पांढरे डाग चुकले तर लहान पोरही सांगतं, हा आपला नव्हे. पोळ्याला मातीचे बैल पुजणारी आणि पौष पौर्णिमेपासून म्हसा गावच्या यात्रेत गुरं पारखणारी ही माणसं. इंटरनेटवरून उचललेला गुबगुबीत कार्टून बैल त्यांच्यापुढे चालत नाही. या काही वर्षांत ज्यांचं नाव झालं, ते साच्यांमुळे नव्हे, गोठ्यात जाऊन जनावर नीट पाहिल्यामुळे.

तेव्हा ऑर्डर देताना समोरून, बाजूने आणि मागून असे तीन फोटो द्या. आत तार किंवा काडी कुठे आहे, हे कापण्याआधी विचारून घ्या. आणि फोटोच्या हौसेपायी तो केक जनावराच्या तोंडाला लावू नका. चॉकलेट कुत्र्याला विषासारखं बाधतं, आणि मैदा-साखरेचा मोठा घास बैलाचं पोट बिघडवतो. केक माणसांनी खावा, बैलाला त्याची पेंड द्यावी.